दोघींची शांतता

१

आमच्या रेडिओ केंद्राची एक पद्धत आहे. गाणे संपले की दुसरे लगेच सुरू होत नाही; मध्ये विराम असतो. मोठ्या केंद्रांवर त्या जागेत साबणाची जाहिरात बसते. आमच्याकडे जाहिराती घेत नाहीत, आणि खरे सांगायचे तर कोणी देऊही करत नाही. आम्ही जे वाजवतो ते चारचौघांना संगीत वाटतच नाही. कोणी पत्र्यावर गज घासतो, कोणी शब्द अर्ध्यावर सोडून नुसता श्वास गातो, एका गृहस्थाने तर लिफ्टच्या दाराची सुरावट बांधून आणली होती. असे काही ऐकल्यावर माणसाला सावरायला उसंत हवी, म्हणून विराम.

मी तेथे शहरातील कलावार्ता वाचते. कोणत्या सभागृहात कोणते नाटक, कोठे चित्रे मांडली आहेत, कोठे काव्यवाचन. मी जुनी मॅट्रिक आहे. माझ्या तोंडून आजवर एकही अक्षर सांडलेले नाही, आणि वाक्याच्या शेवटी माझा आवाज खाली पडून फुटत नाही. हल्लीच्या मुलामुलींची वाक्ये पायऱ्यांवरून घसरल्यासारखी संपतात.

विरामात काय वाजते, हे मला आमच्या इंजिनियरांनी सांगितले. मी समजत होते की काहीच वाजत नाही.

"काहीच नाही सोडलं तर लोकांना वाटतं रेडिओ गेला, बाई," ते म्हणाले. "मग चापट्या मारतात बिचाऱ्याला. म्हणून खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवायची आणि तीच सोडायची. आणि खोली रिकामी नको. रिकामी खोली डब्यासारखी ऐकू येते. आत माणसं गप्प बसलेली असली की शांततेला ऊब येते."

"गप्प बसण्याचे पैसे मिळतात का?" तेथे माझ्याबरोबर आलेल्या माझ्या बहिणीने विचारले.

"तुम्ही गप्प बसून दाखवा, मी पदरचे देतो," इंजिनियर म्हणाले.

२

माझी बहीण माझ्याहून धाकटी. लहानपणी घरात तिला खुळखुळा म्हणत, आणि म्हातारपणीही ते नाव तिला नेमके बसत होते. तिला गप्प बसणे ठाऊक नव्हते. जिना चढताना तिच्या सपाता फटफट वाजत. किल्ल्यांचा जुडगा ती टेबलावर ठेवत नसे, फेकत असे. भांडे घासताना गुणगुणे, गुणगुणताना झाकण वाजवी. आमच्या दोघींचीही लग्ने झाली नाहीत. आईवडिलांच्या मागे आम्ही एकाच घरात राहिलो. तिच्या गोंगाटाने माझे कान किटले होते, हे मी तिला रोज सांगत असे. शिस्त लावणे हे मोठ्या बहिणीचे काम आहे. त्यात मला आजही काही वावगे वाटत नाही.

या गोंगाटालाच पुढे केंद्राने कला ठरवले. दर आठवड्याला ती पातेली, झाकणे आणि शिवणयंत्राचे एक जुने पायडल घेऊन स्टुडिओत बसे आणि तासभर वाजवी. तिला 'भांडीवाल्या बाई' म्हणून पत्रे येत. मला कलावार्तेबद्दल पत्रे येत नसत. बातमी बिनचूक असली की कोणी पत्र लिहीत नाही.

केंद्र नव्या जागेत गेले तेव्हा शांतताही नवी घ्यावी लागली. जुनीत पंख्याची घरघर होती. त्या दुपारी आम्ही दोघीच आत होतो. इंजिनियर काचेपलीकडे बसले. लाल दिवा लागला. भिंतींना जाड काळ्या गाद्या लावलेल्या, खाली सतरंजी, मध्ये टेबल आणि त्यावर मायक्रोफोन. मी हात मांडीवर ठेवून ताठ बसले. बहिणीकडे मी डोळे वटारून पाहिले, आणि आश्चर्य म्हणजे ती खरोखर गप्प बसली. तिने माझ्याकडे पाहिले. काहीतरी बोलायचे असून राहून जावे तसा तिचा चेहरा होता.

लाल दिवा विझला. इंजिनियर बाहेरून आत आले ते हात चोळतच.

"इतकी स्वच्छ शांतता मला जन्मात मिळाली नव्हती," ते म्हणाले. "दोघींची मिळून एकच झालीये."

३

त्यानंतर काही दिवसांनी मी बाजारातून परत आले. जिना चढून वर गेले, कुलूप काढले, आत वळले आणि दचकले. बहीण माझ्या पाठीशी उभी होती.

"चोरासारखी काय येतेस?" मी म्हटले.

"चोरासारखी? मी तुझ्या मागेच होते की! खालपासून बडबडतेय. तुझं लक्ष कुठे आहे, ताई?"

मी तिच्या पायांकडे पाहिले. त्याच सपाता होत्या, टाचेपाशी झिजलेल्या. तिला मी घरभर चालायला लावले. ती हसत हसत पाय आपटत चालली, आणि फरशीवर काहीही वाजले नाही. कापसावर कापूस टेकवावा तसे.

वय झाले की कान जातात, असे मी स्वतःला समजावले. पण घड्याळ ऐकू येत होते. नळाचे टपटपणे ऐकू येत होते. मी स्वतः चार पावले टाकून पाहिली. तीही ऐकू आली.

मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला काचेच्या पेटीत बसवून बारीक शिट्या ऐकवल्या.

"आजी, तुमचे कान तर माझ्यापेक्षा चांगले आहेत," ते म्हणाले.

मी त्यांना 'आजी' म्हणण्याबद्दल समज दिली आणि घरी आले.

४

पुढच्या दिवसांत किल्ल्यांचा जुडगा मुका झाला. तो तिच्या हातातून टेबलावर पडे, उडे, घसरे, आणि सगळे काचेआडून पाहिल्यासारखे. तोच जुडगा मी उचलून टाकला की खणखणे. मग भांडी गेली. स्वयंपाकघरात ती पातेली घासत असायची आणि मी शेजारच्या खोलीत वाचत बसलेले असायचे, आणि मध्येच माझ्या लक्षात यायचे की आपण घरात एकटेच आहोत असे समजून बसलो आहोत.

प्रथम तिला गंमत वाटली.

"तुझी मुराद पुरी झाली ना, ताई? आता नाव ठेवायला काय शोधशील?"

"विषय बदलू नकोस. तू मुद्दाम काही करतेस का?"

"मुद्दाम गप्प बसता आलं असतं तर तुझ्या इतक्या शिव्या खाल्ल्या असत्या का?"

तेव्हा तिचा आवाज अजून होता; फक्त थोडा दूरचा, पलीकडच्या खोलीतून बोलल्यासारखा.

मी स्वतःशी वाद घालत राहिले. मनाचे खेळ असतात, सवयीने कान मेलेले असतात, अशी कारणे मी शोधली, आणि ती मला पटतही आली होती. पण एके सकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. आमच्या वरून येणाऱ्या धडधडीबद्दल या बाईंनी वर्षानुवर्षे माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या होत्या.

"धाकट्या ताई परगावी गेल्या का हो?" त्यांनी विचारले. "हल्ली वर अगदी सामसूम. तुमच्या एकटीच्याच पावलांचा आवाज येतो."

बहीण त्याच वेळी माझ्या शेजारून खाली उतरत होती. वहिनींनी मान वळवली, तिला पाहिले, आणि त्यांच्या तोंडून 'अगंबाई' एवढेच निघाले.

५

तिच्या कार्यक्रमाच्या दिवशी तिने पातेली मांडली आणि वाजवायला सुरुवात केली. काचेपलीकडे इंजिनियरांनी एक बटण फिरवले, दुसरे फिरवले, मग मायक्रोफोन बदलला. शेवटी ते आत आले, त्यांनी स्वतः चमच्याने एक पातेले वाजवले. टणकन आवाज झाला. त्यांनी चमचा तिच्या हातात दिला. तिने तेच पातेले, त्याच जागी, दात ओठ खाऊन हाणले.

इंजिनियरांनी चमचा परत घेतला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. बहिणीने माझ्याकडे पाहिले. तिला आता गंमत वाटत नव्हती.

"ताई, मला घरी ने," ती म्हणाली. मी ते ओठांवरूनच ओळखले.

संचालिकाबाईंनी तो तास रद्द केला. त्यांना वाईट वाटले, पण फार वेळ नाही. त्या एका वेगळ्याच आनंदात होत्या.

"श्रोत्यांचे फोन येताहेत, बाई! सगळे विचारतात, गाण्यांच्या मधलं ते काय असतं? इतकं शांत वाटतं म्हणे. एकीला तर आईच्या घरी बसल्यासारखं वाटलं. आपण या आठवड्यापासून विराम वाढवलाय. गाणी आणखी कमी करू."

"आणि गाणारे?"

"ते समजून घेतील. कलावंत आहेत."

त्यांनी समजून घेतले. जन्मभर ज्यांचे कोणी ऐकले नाही, त्यांना आता ते थांबले की दाद मिळू लागली. मला त्यात हसण्यासारखे वाटले, पण हसू आले नाही. कारण मी त्या दिवशी घरी बसून विराम ऐकला, आणि एक गोष्ट माझ्या मनात जुळली. विराम वाढला होता त्याच आठवड्यात बहिणीचा आवाज गेला होता. ती शांतता जितकी वाजत होती, तितकी माझी बहीण घरातून कमी होत होती.

हे मी कोणाला सांगणार होते? मला स्वतःलाच सांगायला लाज वाटली.

६

बहीण रेडिओपाशी बसू लागली.

आमचा रेडिओ बैठकीत, खिडकीच्या बाजूला आहे. तिने खुर्ची ओढून त्याला चिकटवली. ओढतानाही खुर्ची कुरकुरली नाही. गाणे चालू असताना ती कंटाळून नखे पाही, कपाळाला आठ्या घाली. विराम आला की पुढे वाके, कान जाळीला लावी, आणि तिचा चेहरा उजळे. एकदोनदा ती हसली. कोणी विनोद केल्यावर माणूस हसतो तशी, मान मागे टाकून, तोंड उघडे, आणि खोलीत काहीही नाही. गाणे पुन्हा सुरू झाले की ती रेडिओकडे रागाने पाही.

"काय ऐकतेस?" मी विचारले.

तिने ओठ हलवले. मी चष्मा लावून जवळ गेले. तिने पुन्हा हलवले, सावकाश, लहान मुलाला शिकवावे तसे.

'तुला.'

मला राग आला. मी समोर बसलेली असताना मला रेडिओत काय ऐकायचे? कलावार्ता सकाळीच होऊन गेली होती.

दुपारच्या चहाला मी तिला हाक मारली. ती आली नाही. दुसऱ्यांदा मारली. तिने हात वर करून मला थांबवले, कोणाचे तरी बोलणे चालू असताना मध्ये बोलू नये असे खुणावतात तसे. शिस्तीच्या गोष्टी मला शिकवण्याची तिची ही पहिलीच वेळ.

७

मी इंजिनियरांना म्हटले, "ती शांतता मला ऐकायची आहे. मोठी करून."

"शांतता मोठी करून?" ते हसले, पण माझा चेहरा पाहून थांबले. त्यांनी मला खुर्ची दिली, हेडफोन दिला, आणि पडद्यावरची एक सरळ रेघ दाखवली. "ही तुमची दोघींची. सगळे कार्यक्रम इथूनच ती उचलतात."

आधी काही नव्हते. गाद्या लावलेल्या भिंतींचे नसणे होते. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्यांनी बटण थोडे वर नेले. मग आणखी थोडे.

खूप आत कोठे तरी सपाता वाजल्या. फटफट, फटफट. झाकण खाली ठेवल्याचा आवाज झाला, किल्ल्या पडल्या. कोणी गुणगुणत होते, आणि ती चाल माझ्या इतक्या ओळखीची होती की माझे ओठ आपोआप "हळू!" म्हणायला उघडले.

त्याआधीच आतले कोणी तरी बोलले.

"थांबलीस का गं? वाजव ना. मला बरं वाटतं ऐकायला."

तो माझा आवाज होता. माझा आवाज ओळखण्यात माझी चूक होणे शक्य नाही. तो मी वर्षानुवर्षे मुद्रित झालेला ऐकला आहे. पण त्याची शेवटची अक्षरे सैल होती. 'बरं वाटतं' मधला शेवट तर जवळजवळ गिळलेला होता. असे वाचन माझ्याकडे कोणी आणले असते तर मी त्याला पुन्हा वाचायला लावले असते. एखादी बाई दमून, समाधानाने, भिंतीला पाठ टेकून बोलते तसे ते होते. त्यावर माझी बहीण मोठ्याने हसली, आणि भांडी वाजू लागली.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो नीट ठेवला, हे मला आठवते.

"तुम्हाला काय ऐकू येते?" मी विचारले.

इंजिनियरांनी हेडफोन कानाला लावला, बराच वेळ ऐकले आणि मान हलवली. "मला काही नाही." मग त्यांनी पडद्याकडे बोट दाखवले. सरळ रेघ सरळ राहिली नव्हती. ती हलकेच थरथरत होती, आणि थांबत होती, आणि पुन्हा थरथरत होती, दोघींनी आलटून पालटून बोलावे तशी.

"हे पुसता येईल?"

"येईल. एकदा पुसलं की सगळीकडून जाईल." त्यांनी बोट खाली घेतले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पण बाई, पुसल्यावर त्यांचा आवाज घरी परत येईल, की आहे तोही जाईल, ते मला नाही सांगता येणार. मी यंत्राचा माणूस. हा निर्णय तुमचा. घरी जाऊन त्यांना विचारा. दुपारच्या कार्यक्रमात मी फोन करतो, तुम्ही म्हणाल तसं करू."

८

घरी येताना मी ठरवले होते की पुसायला सांगायचे. जे चुकले आहे ते दुरुस्त करायचे असते. मी आयुष्यभर हेच केले आहे.

बहीण रेडिओपाशी होती. पत्र्यावर गज घासणारे ते गृहस्थ चालू होते. मी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले.

"ती शांतता पुसली तर तू कदाचित परत येशील," मी म्हटले. "कदाचित नाही. पण असे राहणे मला चालणार नाही. पुसायला सांगू का?"

ती घाबरली. तिने माझे मनगट धरले. तिच्या हाताला ऊब होती, पकड घट्ट होती. केवळ आवाज सोडला तर ती पूर्णपणे माझी बहीण होती. तिने मान हलवली. नको, नको. रेडिओकडे बोट दाखवले, मग छातीवर हात ठेवला.

"तेथे जी बोलते ती मी नव्हे," मी म्हटले.

तिने माझ्याकडे पाहिले. हो, असे तिचे डोळे म्हणाले. हे तिला माझ्या आधीपासून ठाऊक होते.

तेव्हा मी ते वाक्य म्हणायचे ठरवले. अवघड असे त्यात काय होते? तेथली जर म्हणू शकते, तर मूळची मी का नाही? मी घसा साफ केला.

"थांबलीस का. वाजव ना. मला बरे वाटते ऐकायला."

प्रत्येक अक्षर स्वच्छ आले. वाक्याच्या शेवटी आवाज कोठेही फुटला नाही. नाटकाची वेळ आणि सभागृहाचे नाव सांगावे तसे ते खोलीत उभे राहिले.

बहिणीने मान किंचित कलती करून शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि सौजन्याने हसली. मग माझे मनगट सोडले. थोपटून सोडले. आणि पुन्हा जाळीकडे वळून रेडिओचा आवाज वाढवला.

बैठकीबाहेरच्या बोळकांडीतला फोन वाजला.

मी उठून गेले. फोनपासून बैठक दिसत नाही. फक्त ऐकू येते. पत्रा घासायचा थांबला होता. विराम सुरू झाला होता.

"बाई, काय करू?" इंजिनियर विचारत होते. "हात बटणावर आहे. पुसू का?"

मी तोंड उघडले. मागे रेडिओत, त्या शांततेच्या अगदी आत, फोन वाजत होता. आमचाच फोन, घंटीचा तोच किरटा आवाज. सपाता फटफटत त्याच्याकडे गेल्या. घंटी थांबली.

"कोण आहे गं?" माझ्या आवाजाने आतून, आळसावून विचारले.

मग मला माझ्या बहिणीचा आवाज ऐकू आला. किती दिवसांनी. तो जवळचा होता, भरलेला होता, आणि तिने तो दुसरीसाठी वापरला.

"कुणी नाही, ताई. चुकून लागला."

तिने फोन नेहमीसारखा आपटून ठेवला. माझ्या हातातला बंद झाला.